परदेशी नोकरीची वाट : आधी काय, मग काय

शिक्षण आणि अनुभव असूनही परक्या देशात आपल्याच व्यवसायातील नोकरी कशी मिळवावी, हा प्रश्न विचारणारी पत्रे या सदराकडे गेले काही महिने सतत येत आहेत. ती एकत्र वाचली तेव्हा असे दिसले की बहुतेकांची पात्रता पुरेशी आहे. अडते ते क्रमापाशी. कोणी भाषा सोडून व्हिसाच्या मागे लागले आहे, कोणी परवाना सोडून नोकरीच्या. त्यातली सात पत्रे येथे घेतली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी अकरा वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. गेल्या आठ महिन्यांत जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत मिळून दोनशेहून अधिक अर्ज केले, पण मुलाखतीचे एकही बोलावणे आले नाही. माझ्या सीव्हीत काय चुकत असेल?

उत्तर : आपला सीव्ही मी पाहिलेला नाही, पण दोनशे अर्जांतून एकही बोलावणे येत नसेल तर दोष सीव्हीच्याही आधीच्या टप्प्यावर असावा. ऑनलाइन अर्जात बहुधा असा एक प्रश्न असतो की, या देशात काम करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे का, की त्यासाठी कंपनीला प्रायोजक व्हावे लागेल? त्याचे खरे उत्तर दिले की अनेक ठिकाणी अर्ज कोणा माणसाने वाचण्याआधीच बाजूला पडतो. खोटे उत्तर देऊन काही साधत नाही, कारण ऑफर आल्यावर ते उघडे पडतेच. म्हणून ज्या कंपन्यांना परदेशी माणूस कायद्याने घेता येतो आणि ज्यांनी पूर्वी तसा घेतलेला आहे, त्यांच्याकडेच आपला वेळ खर्च करावा.

त्या कंपन्या ओळखण्याची रीत देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२० पासून असलेल्या ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी कंपनीकडे गृहखात्याचा प्रायोजक परवाना असावा लागतो, आणि अशा परवानाधारकांची यादी सरकार सर्वांसाठी प्रसिद्ध करते. नेदरलँड्सच्या स्थलांतर खात्याचीही मान्यताप्राप्त प्रायोजकांची अशीच खुली यादी आहे. यादीत नसलेल्या कंपनीने केवळ आपल्यासाठी परवाना काढावा अशी अपेक्षा धरता येते, पण ती क्वचितच फळते. जर्मनीत असा परवाना लागत नाही. तेथे पदवी तुल्य मानली जाते का आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे का, हे पाहिले जाते. युरोपीय ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी व्यक्तीला मिळणाऱ्या काम-वास्तव्याच्या परवान्यासाठी) ही मर्यादा २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो होती. तुटवडा असलेल्या व्यवसायांसाठी आणि नव्या पदवीधरांसाठी ती ४३,७५९.८० युरो होती, आणि ती दरवर्षी बदलते. परदेशी पदव्यांच्या ‘अनाबिन’ नावाच्या जर्मन माहितीकोशात आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा असेल आणि आपली पदवी तुल्य दाखवलेली असेल, तर त्या पानांची प्रत अर्जाला जोडावी. अनुभवी संगणकतज्ज्ञांना पदवीवाचूनही ब्लू कार्ड मिळू शकते. त्यासाठी मागील सात वर्षांत त्या दर्जाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

दुसरे असे की, एकाच वेळी पाच देश म्हणजे पाच वेगळ्या कायदेपद्धती आणि पाच वेगळ्या अपेक्षा. मध्यम आकाराच्या कंपनीतील मनुष्यबळ अधिकाऱ्याने कदाचित आयुष्यात एकदाही परदेशी माणसाचे कागद केलेले नसतात. त्याला आपल्या कौशल्याहून अधिक भीती वाटते ती हा माणूस खरोखर येईल का, केव्हा येईल आणि तोवर किती कचेऱ्यांना पत्रे लिहावी लागतील, याची. अर्जासोबतच्या पत्रात कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल, कोणते कागद तयार आहेत आणि किती महिन्यांत रुजू होता येईल, हे तीन वाक्यांत स्पष्ट लिहिले तर ती भीती बरीच उतरते. हे लिहिण्याइतका अभ्यास एका, फार तर दोन देशांचाच होऊ शकतो.

सीव्हीबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये छायाचित्र, वय व वैवाहिक स्थिती देऊ नये. भेदभावाच्या आरोपाची शक्यता टाळण्यासाठी कंपन्यांना ही माहिती नकोच असते. जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर छायाचित्र मागता येत नाही, तरी पुष्कळ उमेदवार अजून ते लावतात. जपानमध्ये छायाचित्रासह ठरावीक नमुन्यातील ‘रिरेकिशो’ आणि कामाचा सविस्तर वृत्तांत देणारे ‘शोकुमु केइरेकिशो’ असे दोन कागद लागतात. माझ्या पहिल्या परदेशी अर्जात मी पासपोर्ट क्रमांकासकट सगळे काही लिहिले होते. मुलाखत घेणाऱ्याने नंतर हसून सांगितले की, माझे लग्न झाले आहे हे त्याला पहिल्या पानावर कळले, पण मी नेमके काय काम करतो हे तिसऱ्या.

प्रश्न : मी वैद्यकीय पदवीधर असून मला चार वर्षांचा रुग्णालयीन अनुभव आहे. जर्मनीतील काही रुग्णालयांना लिहिले असता ‘अप्रोबात्सिओन कोठे आहे?’ एवढेच उत्तर आले. आधी नोकरी मिळवून तेथे गेल्यावर ही प्रक्रिया करता येणार नाही का?

उत्तर : आपल्या आणि आधीच्या वाचकांच्या वाटा मुळातच वेगळ्या आहेत. संगणक, विपणन, संशोधन, व्यवस्थापन अशा बहुतेक कामांना परवाना लागत नाही. कंपनीला आपण पसंत पडलात की पुरते. वैद्यक, परिचर्या, वकिली, शालेय अध्यापन अशा कामांना मात्र त्या देशाच्या नियामक संस्थेची परवानगी लागते, आणि रुग्णालयाला आपण कितीही आवडलात तरी ते ती परवानगी देऊ शकत नाही. ‘अप्रोबात्सिओन’ म्हणजे वैद्यकीय व्यवसायाचा कायमचा परवाना. तो संबंधित राज्याचा अधिकारी देतो आणि मिळाला की देशभर चालतो. जर्मनीत राज्ये सोळा असल्याने कागदांची यादी, परीक्षेची प्रतीक्षा आणि अधिकाऱ्यांचा वेग यांत राज्याराज्यांत मोठा फरक पडतो. म्हणून राज्य आधी निवडावे आणि मग त्याच राज्यातील रुग्णालयांशी बोलावे.

या परवान्याला दोन बाजू आहेत. पहिली भाषेची : सामान्य जर्मन बी-२ पातळीपर्यंत (युरोपीय मोजणीत भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात) आणि त्यापुढे वैद्यकीय जर्मनची ‘फाखश्प्राखप्र्यूफुंग’ ही परीक्षा, जी सी-१ पातळीची असते. तिच्यात वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात : रुग्णाशी संभाषण, त्या संभाषणाचा लेखी वृत्तांत आणि वरिष्ठ डॉक्टरांशी चर्चा. परीक्षक आपले वैद्यकीय ज्ञान तपासत नाहीत, तर घाबरलेल्या वृद्ध रुग्णाचे बोलणे आपल्याला कळते का आणि त्याला कळेल अशा शब्दांत आपण बोलता का, हे पाहतात. पाठ्यपुस्तकी लॅटिन शब्दांवर भर देणारे हुशार उमेदवार येथेच अडखळतात. दुसरी बाजू शिक्षणाच्या तुल्यतेची : आपला अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहिला जातो आणि मोठी तफावत आढळली, तर ‘केंटनिसप्र्यूफुंग’ ही ज्ञानपरीक्षा द्यावी लागते.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘अंशतः होय’ असे आहे. ‘बेरूफ्सएर्लाउबनिस’ नावाची तात्पुरती परवानगी असते. ती जास्तीत जास्त दोन वर्षांची आणि सहसा त्या राज्यापुरती मिळते, आणि तिच्या आधारे देखरेखीखाली काम करत ज्ञानपरीक्षेची तयारी करता येते. पण तिच्यासाठीही भाषा आधी लागतेच. म्हणून आपण आज रुग्णालयांना पत्रे लिहिण्याचे थांबवून बी-२ पूर्ण करावे, असे मी म्हणेन. इतर देशांत हा क्रम थोडा वेगळा असतो. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल परदेशी डॉक्टरांची ‘प्लॅब’ परीक्षा दोन भागांत घेते, तर अमेरिकेत यूएसएमएलई या परवाना-परीक्षांनंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षण, सहसा पुन्हा करावी लागते, मग येथील अनुभव चार वर्षांचा असो वा चौदा.

प्रश्न : पूर्वीच्या कंपनीने मला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले’ असे दोन ओळींचे अनुभवपत्र दिले आहे. परदेशात ते चालेल का?

उत्तर : चालणे अवघड आहे. कायमच्या वास्तव्यासाठी उमेदवार निवडण्याच्या कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत अनुभवपत्रात पद, प्रत्यक्ष जबाबदाऱ्या, दर आठवड्याचे तास आणि वार्षिक वेतन यांचा उल्लेख अपेक्षित असतो. ऑस्ट्रेलियातील कौशल्य-मूल्यांकन संस्थाही कामाच्या स्वरूपाचा तपशील मागतात. एंजिनियर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या एका मार्गात तर उमेदवाराला स्वतःच्या कामावर तीन सविस्तर प्रकरणे लिहून द्यावी लागतात. जुन्या कंपनीतील जे वरिष्ठ आपल्याला ओळखतात ते तेथे असेपर्यंतच सविस्तर पत्र मिळवावे. मसुदा आपणच लिहून नेला तर सही लवकर मिळते.

जर्मनीत याच कागदाला ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ म्हणतात आणि त्याची एक सांकेतिक भाषाच तयार झाली आहे. कर्मचाऱ्याच्या वाटेत अडथळा येईल असे लिहायचे नाही आणि खोटेही लिहायचे नाही, या दुहेरी बंधनातून ती जन्मली. ‘आमचे पूर्ण समाधान झाले’ हे वाक्य चांगले वाटते, पण ‘आमचे सदैव पूर्णतम समाधान झाले’ हा उत्तम शेरा समजला जातो. ‘पूर्ण’ला ‘पूर्णतम’ असे रूप व्याकरणात बसत नाही, हे जर्मन माणसालाही ठाऊक आहे. परदेशी पत्रातून कोणी असा संकेत शोधत नाही, तरी पत्रात निव्वळ तारखा असतील तर वाचणारा थोडा थबकतो.

पदवी व जन्मदाखल्यासारख्या सरकारी कागदांसाठी १९६१ च्या हेग करारानुसारचे ‘अपॉस्टिल’ प्रमाणन, म्हणजे कागद खरा असल्याची सदस्य देशांत चालणारी सरकारी खूण, बहुतेक ठिकाणी पुरते. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या करारात आला. संयुक्त अरब अमिरातीसारखे देश अजून बाहेर असल्याने त्यांच्यासाठी दूतावासाचे वेगळे प्रमाणन करावे लागते.

प्रश्न : पर्यटक व्हिसावर जाऊन प्रत्यक्ष भेटीगाठी घेतल्या, तर नोकरी लवकर मिळेल असे एक परिचित म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : भेटीगाठींचा उपयोग होतो, हे आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे. समोर बसलेल्या माणसाला नकार देणे ईमेलला नकार देण्याइतके सोपे नसते. पण पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, मग ते ‘दोन आठवडे पाहू’ म्हणून दिलेले विनावेतन काम का असेना, आणि प्रवेशाच्या वेळी उद्देश लपवला तर पुढचे अर्जही बिघडू शकतात. बहुतेक देशांत नोकरी मिळाल्यावर परतून व्हिसासाठी अर्ज करावाच लागतो.

याच गरजेसाठी काही देशांनी नोकरी-शोधाचे अधिकृत परवाने काढले आहेत. जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘शांसेनकार्टे’ म्हणजे ‘संधी-कार्ड’ सुरू केले. पात्रता पूर्णपणे तुल्य ठरलेल्यांना ते गुणांविना मिळते. इतरांना मान्यताप्राप्त पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण, जर्मनची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ पातळी आणि वर सहा गुण लागतात. उदाहरणार्थ, तेहतीस वर्षांच्या उमेदवाराला वयाचे दोन, मागील सात वर्षांत आपल्या विषयातील पाच वर्षांच्या कामाचे तीन आणि सी-१ पातळीच्या इंग्रजीचा एक असे सहा गुण जर्मनचा शब्दही न येता मिळू शकतात. कार्डावर एक वर्ष राहून आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते आणि कोणत्याही कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी-काम करता येते. राहण्याच्या खर्चाची तरतूद मात्र आधी दाखवावी लागते. गुण जमले म्हणून लगेच निघू नये. जर्मन न येता तेथे पोहोचलेल्या उमेदवाराचे ते वर्ष भाषावर्गातच संपण्याचा संभव मोठा आहे.

प्रश्न : एका संस्थेने मुलाखत न घेता ऑफर लेटर पाठवले असून ‘व्हिसा व प्रायोजकत्व शुल्क’ म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. पैसे भरावेत का?

उत्तर : भरू नयेत. मुलाखत न घेता कोणीही व्यावसायिक माणूस नेमत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातील सातवे कलम सांगते की, खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. मोजके अपवाद त्यात आहेत आणि सर्व देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण नामांकित कंपन्या हेच तत्त्व पाळतात. ब्रिटनमध्ये तर स्किल्ड वर्कर व्हिसाच्या प्रायोजक परवान्याचा आणि प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाईच आहे. व्हिसाचे स्वतःचे शुल्क आपल्याला भरावे लागू शकते, पण ते सरकारच्या खात्यात जाते, मध्यस्थाच्या नव्हे. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः फोन करून असे पद व अशी ऑफर आहे का, हे विचारावे. बहुतेक वेळा त्या एका फोनने उलगडा होतो.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता असून माझे वय सेहेचाळीस आहे. कॅनडासाठी वयाचे गुण शून्य मिळतात असे कळले. आता प्रयत्न व्यर्थ आहे का?

उत्तर : माहिती बरोबर आहे. एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत विशी ते एकोणतिशीच्या उमेदवारांना वयाचे सर्वाधिक गुण मिळतात आणि पंचेचाळिशीपासून ते शून्य होतात. ऑस्ट्रेलियाच्या गुणाधारित कौशल्य-व्हिसांनाही पंचेचाळीस हीच मर्यादा आहे. पण या पद्धतींमध्ये सरकार आपल्याला कायमचा रहिवासी म्हणून निवडत असते आणि म्हणून पुढची वर्षे मोजते. जेथे कंपनी आपल्याला एका विशिष्ट कामासाठी निवडते, तेथे हे गणित बदलते. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला वयाची वरची मर्यादा नाही, तशीच ती अमेरिकेच्या एच-१बी या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांसाठीच्या व्हिसालाही नाही. अर्थात एच-१बीसाठी वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० अशी संख्यामर्यादा असल्याने तेथे निवडीत नाव येणे बरेचसे नशिबावर राहते. थोडक्यात, पंचेचाळिशीनंतर गुणांचा नाद सोडून कंपनी शोधावी. वीस वर्षांच्या अनुभवाची किंमत तीच करू शकते.

आपल्या व्यवसायाची आणखी एक बाजू आहे. १९८९ चा वॉशिंग्टन करार सदस्य देशांतील अभियांत्रिकी अभ्यासक्रम परस्परांना तुल्य मानतो, पण त्यामुळे परवाना मिळतो असे नाही, आणि ही गल्लत फार होते. कॅनडात ‘अभियंता’ हे पदनाम संरक्षित आहे, म्हणजे परवान्याविना ते लावता येत नाही, तरी परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली परवान्याविना काम करता येते. ‘कॅनडातील अनुभव’ ही जुनी अट आता सैल होते आहे. ऑन्टारिओच्या अभियंता-नियामक संस्थेने ती २०२३ मध्ये काढली, आणि त्याच प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालता येत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून ती जायला वेळ लागेल, हा भाग निराळा.

प्रश्न : मला परदेशातील ऑफर मिळाली आहे. करारावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : अभिनंदन. पगाराचा आकडा सगळेच पाहतात, पण तो करापूर्वीचा की नंतरचा, हे विचारायचे राहून जाते. जर्मनीसारख्या देशात कर आणि सामाजिक विमा वजा झाल्यावर हाती येणारी रक्कम बरीच वेगळी असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकरी गेली तर राहण्याच्या परवान्याचे काय होते, हे पाहावे. अमेरिकेत एच-१बीधारकाला नवी नोकरी शोधण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, ब्रिटनमध्येही सहसा तितकेच. ऑस्ट्रेलियाच्या प्रायोजित व्हिसावर जुलै २०२४ पासून ही मुदत सलग एकशे ऐंशी दिवसांची झाली आहे. जर्मनीत ब्लू कार्डाच्या पहिल्या वर्षात नोकरी बदलल्यास परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवावे लागते आणि ती कचेरी हरकत घेऊ शकते. कायमच्या वास्तव्यासाठी तेथे ए-१ जर्मनवर सत्तावीस महिने आणि बी-१ जर्मनवर एकवीस महिने लागतात, म्हणजे भाषेच्या दोन पायऱ्यांनी सहा महिने वाचतात. चाचणीकाळ किती, त्या काळात सूचनामुदत (नोटीस पीरियड) किती आणि कुटुंबाला सोबत येता येईल का, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

स्थलांतराचा खर्च कंपनी देत असेल तर ‘ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास रक्कम परत करावी’ असे कलम करारात बहुधा असते. ते असण्यात गैर नाही, पण परतफेडीची रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते का आणि कंपनीनेच कामावरून काढले तर ती माफ होते का, ही दोन उत्तरे लेखी घ्यावीत. सध्याच्या नोकरीचा राजीनामा व्हिसा हाती पडल्यावरच द्यावा आणि नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख कळवताना आपली सूचनामुदत व्हिसाच्या दिवसापासून मोजावी, ऑफरच्या दिवसापासून नव्हे.